रिमॅपला गाडी आणण्याआधी

“ताकद वाढवायची आहे, पण खर्च बेताचा हवा. सुरुवात कुठून करू?” गाडी टर्बो पेट्रोल हॅचबॅक असेल तर आमचं उत्तर ठरलेलं आहे: रिमॅप, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकात (ईसीयूत) नव्या सेटिंगची फाइल टाकणं. इंजिन धडधाकट असेल तर मूळ टर्बो आणि मूळ इंजेक्टरवरच बहुतेक गाड्यांना १५ ते २५ टक्के ताकद वाढवून मिळते. बिनटर्बोच्या इंजिनाला मात्र यातून फारसं हाती लागत नाही. ते पैसे चांगल्या टायर-ब्रेककडे वळवा, असं आम्ही स्वतःच सुचवतो.

खोळंबा होतो तो एकाच कारणाने. होज आणि प्लग न बघता गाडी थेट रिमॅपला येते, आणि मॅपिंगचा अर्धा दिवस गळती शोधण्यात जातो.

इंटरकूलर टर्बोने दाबलेली हवा थंड करतो. त्याच्या होजचा (नळीचा) क्लॅम्प ढिला असला की ती हवा तिथून निसटते. ईसीयूला ठरलेला बूस्ट, म्हणजे हवेचा दाब, गाठायचाच असतो, म्हणून तो टर्बोला आणखी पळवतो. त्याने हवा जास्त तापते, नॉकिंग (इंधन अवेळी पेटून इंजिनात ठोके बसणं) सुरू होतं आणि ते आवरायला ईसीयू टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो. मूळ सेटिंगवर हे जाणवतही नाही. रिमॅपने बूस्ट वाढवला की तीच फट महागात पडते. बॉनेट उघडून होजचे सांधे खालच्या बाजूने बघा. तेलकट काळा ओलावा आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली, तर हवा तिथूनच जाते आहे.

प्लगचंही तसंच. झिजून गॅप (ठिणगीच्या टोकांमधली फट) वाढलेली असते आणि वाढलेल्या दाबात ठिणगी ती ओलांडू शकत नाही. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी हिसके देते आणि दोष मात्र फाइलला लागतो. नवे प्लग मूळपेक्षा एक श्रेणी थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारे, घ्या. गॅप बहुतेक गाड्यांना ०.६ ते ०.७ मिमी चालते. श्रेणीचा आकडा नीट बघा: एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये नेमकं उलट. इरिडियम प्लगची गॅप बसवताना मधल्या टोकाला गेज टेकवून जोर लावू नका, ते बारीक टोक मोडतं.

मॅन्युअल गाडीचा क्लच तुम्हीच तपासू शकता. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये २,००० आरपीएमवरून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्या. आरपीएमचा काटा झपकन चढला आणि वेग मात्र त्या मानाने वाढला नाही, तर आधी क्लच बदला. वाढीव टॉर्क तो पेलणार नाही.

बूस्ट सेन्सरच्या वायरीत ट्यूनिंग बॉक्स लावलेला असेल तर काढून आणा. तो ईसीयूला खरा दाब कळू देत नाही, त्यामुळे आमची सगळी रीडिंग चुकतात.

तपासणीचे पैसे वेगळे का, असं विचारलं जातं. स्मोक टेस्ट (नळ्यांत धूर सोडून गळती शोधणं) आणि लॉग (चालत्या गाडीतल्या सेन्सरच्या नोंदी) घेतल्याशिवाय आम्ही फाइल टाकत नाही, आणि गळती निघाली तर त्या दिवशी मॅपिंग करत नाही. गळक्या गाडीवर बसवलेली फाइल गळती काढल्यावर पुन्हा बसवावी लागते, म्हणजे तुमचा खर्च दुप्पट. प्लग आणि क्लॅम्प आमच्याकडे तयार असतात. गाडी आदल्या दिवशी सोडलीत तर ते काम त्याच फेरीत उरकतं.

येताना टाकीत निदान अर्धं पेट्रोल असू द्या, आणि तेही तुम्ही नेहमी भरता तेच. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची नॉकिंग रोखण्याची क्षमता; ९८ ऑक्टेनवर बसवलेला मॅप ९५ वर चालवलात तर नॉकिंगचा धोका वाढतो आणि टायमिंग पुन्हा मागे जातं.