आधी मखर, मग गुपित: गोव्यातल्या मुलींना पाळीविषयी काय सांगितलं गेलं

पाळीविषयी आपल्याकडे पूर्वापार मौन आहे, असं शाळेतल्या प्रत्येक शिबिराच्या प्रास्ताविकात म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. जुन्या हिंदू घरांत मुलीला न्हाण आलं की सगळ्या वाड्याला कळायचं. लग्न लहानपणीच उरकलेलं असे. न्हाण आलं म्हणजे ती नांदायला तयार झाली, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून तिला मखरात बसवायचं, ओटी भरायची, गाणी म्हणायची, पुढे ऋतुशांतीचा विधी. आपल्या अंगात नेमकं काय झालंय, हे मात्र त्या पोरीला कुणी सांगत नसे. गाजावाजा भरपूर, माहिती शून्य.

बालविवाह मागे पडले तसं हे मखरही गेलं. ते उरलं देवळांत, नवरात्रात देवाला मखरात बसवतात त्या मखरोत्सवापुरतं. पण मुलीच्या मखराच्या जागी दुसरं काहीच आलं नाही. लग्न पुढे ढकललं गेल्यावर पाळी ही जाहीर करण्याची गोष्ट न राहता लपवण्याची झाली. उरला तो विटाळ आणि त्याची भाषा: बाहेरची, कावळा शिवला, अडचण. मला तर हे गुपित जुन्यापेक्षा नव्या काळाचंच जास्त वाटतं. वारुळाच्या रूपातली सातेरी देवी, म्हणजे साक्षात जमीन, गावोगाव पूजणाऱ्या प्रदेशात त्या दिवसांत बाईने देवळाची पायरी चढायची नाही, ही विसंगती कुणाला टोचली नाही.

मुंबईत र. धों. कर्वे 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' काढून शरीराविषयी मराठीत उघड लिहीत होते. पण मासिक वाचणार कोण? पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या खेड्यापाड्यांत शाळाच मोजक्या होत्या. 1961 ला गोवा मुक्त झाला, 1963 च्या डिसेंबरात भाऊसाहेब बांदोडकरांचं सरकार आलं आणि गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. आजी ज्या वयात सासरी होती, त्या वयात नात वर्गात बसू लागली. मोठी गोष्ट होती ती. फक्त त्या वर्गाबाहेर पाण्याचं शौचालय असेलच असं नव्हतं, आणि घरी आईला वाटे की बाई सांगतील, बाईंना वाटे की आईने सांगितलं असेल.

कापडाचंही सांगायला हवं. आमच्या घरी जुन्या लुगड्याच्या घड्या वापरत. कापड वाईट नाही. साबणाने धुवून कडक उन्हात वाळवलं तर ते चालतं. पण गोव्यात जून ते सप्टेंबर ऊन कुठून आणायचं? न्हाणीघरात पाणी तापवायच्या भाणाखाली विस्तव असे, त्याच्या उबेला दोरी बांधलेली. दोरीवर घड्या, त्यांवर जुना पंचा, म्हणजे पुरुषमाणसांना दिसू नये. वरचा पंचा वाळायचा, खालचं कापड दमटच. तेच परत घ्यायचं. मांड्यांना पुरळ, खाज हा पावसाळ्याचाच भाग समजला जाई.

सरकारला हा विषय फार उशिरा दिसला. केंद्राने 2011 मध्ये सहा पॅडचं पाकीट सहा रुपयांना देण्याची योजना काढली. ती आशाताईंनी घरोघर न्यायची होती. गोव्यात आशा कार्यकर्त्यांची व्यवस्थाच नाही. इथे भिस्त आरोग्य केंद्राच्या नर्सबाई, अंगणवाडी सेविका आणि शिक्षिकांवर. किशोरवयीनांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 2014 चा. त्याआधी, 2007 मध्ये, शेजारच्या महाराष्ट्राने आणि कर्नाटकाने शाळांतल्या लैंगिक शिक्षणावर बंदी घातली होती, त्यावरून हवा काय होती ते कळतं. पॅडवरचा 12 टक्के जीएसटी 2018 च्या जुलैत उठला आणि जनऔषधी केंद्रांतलं पॅड 2019 मध्ये एक रुपयाला मिळू लागलं.

दरम्यान डिचोली तालुक्यातल्या मुळगावात बायकांच्या बचत गटाने 2015 च्या सुमारास स्वतःच पॅड बनवायला घेतली. कोईम्बतूरच्या अरुणाचलम मुरुगानंतम यांचं साधं मशीन, पाइन लाकडाचा लगदा आणि मातीत कुजणारं पॅड. हे कुजणं गोव्यात चैनीचं नाही. इथे घराघराला शोषखड्डा आणि जवळच विहीर. प्लॅस्टिकचं पॅड खड्ड्यात गेलं की तो तुंबतो, जाळलं की धूर, मागीलदारी पुरलं की कुत्री उकरतात.

आज आकडे गोव्याच्या बाजूने आहेत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 24 वयाच्या इथल्या 90 टक्क्यांहून जास्त तरुणी पॅडसारखी स्वच्छ साधनं वापरताना आढळल्या. पण ही पाहणी काय वापरता ते विचारते, काय ठाऊक आहे ते नव्हे. एनसीईआरटीच्या विज्ञानात किशोरवयाचा धडा कित्येक वर्षं आठवीला होता. पाळी पुष्कळ जणींना सहावी-सातवीतच येते. आणि वास्कोकडचं झुवारीनगर, बायणा, मडगावचा मोती डोंगर इथल्या वस्त्यांतल्या मुली घरी कन्नड, तेलुगू, लमाणी बोलतात. धडा मराठीत, कोंकणीत नाहीतर इंग्रजीत.

वास्कोच्या बाजूला एका शाळेत मी पाळीविषयीचं एक सत्र मागे बसून पाहिलं. एका पाळीत साधारण दोन-तीन टेबलचमचे रक्त जातं, हे सांगताना बाईंनी चमच्याने रंगीत पाणी ओतून दाखवलं, तेव्हा पोरी पुढे सरकल्या. त्यांना वाटत होतं बादलीभर जातं. शेवटी नाव न घालता चिठ्ठ्या टाकायच्या होत्या. एक चिठ्ठी कन्नडमध्ये निघाली. बाईंना वाचता येईना, म्हणून पुढच्या बाकावरच्या मुलीने अडखळत मराठीत सांगितली: हात लावला तर लोणचं नासतं म्हणतात, मग आई कामावर गेल्यावर पाळीतसुद्धा भाकऱ्या मीच करते, त्या कशा नासत नाहीत?