सोनं, प्लॅटिनम, पॅलेडियम एकाच कणात: आमचं पीडॅडमॅक द्रावण वापरण्याआधी

तिन्ही धातूंचे क्षार एका बीकरमध्ये ओतून वर बोरोहायड्राइड (क्षारातून धातू सुटा करणारं क्षपणकारक) टाकलं की मिश्रधातूचे नॅनोकण तयार, असं कागदावर वाटतं. पण सोनं उतावीळ. त्याच्या क्लोराइडचं क्षपण विभव (धातूत बदलण्याची ओढ) १.०० व्होल्ट, पॅलेडियमचं सुमारे ०.६. सोनं आधी खाली बसतं, पॅलेडियम मागून येऊन त्यावर सालीसारखं चढतं, नाहीतर वेगळेच कण धरतं.

पीडॅडमॅक हे पाण्यात विरघळणारं पॉलिमर; त्याच्या साखळीत प्रत्येक कडीवर एक धनभार असतो. हे तिन्ही धातू पाण्यात क्लोराइडशी जोडलेले ऋणभारित आयन म्हणून असतात, म्हणून ते साखळीला चिकटून शेजारी-शेजारी बसतात. मग क्षपण झालं की जवळ असलेलेच अणू एकत्र येतात. अर्थात, सगळं श्रेय पॉलिमरला देऊ नका. बोरोहायड्राइड ताजं, बर्फासारख्या थंड पाण्यात विरघळवलेलं हवं, आणि ते जोरात ढवळत एकदम घालायचं. थेंबथेंब घातलंत तर सोनं पुन्हा पुढे पळतं.

प्रमाणाचा हिशोब मोलचा नाही, भारांचा करा. सोन्याचा आयन एक भार घेतो, प्लॅटिनम आणि पॅलेडियमचे प्रत्येकी दोन. तिन्हींचा एकेक मिलिमोल म्हणजे ५ मिलिमोल भार. आम्ही दुप्पट, म्हणजे १० मिलिमोल कड्या घ्यायला सांगतो. एका कडीचं मोलर वजन १६१.७ ग्रॅम, म्हणजे कोरडं पॉलिमर साधारण १.६ ग्रॅम. भार बरोबरीला आले की द्रावण नासक्या दुधासारखं फाटतं, आणि फाटलेलं फेकावंच लागतं.

चांदीसाठी ही बाटली नको. सिल्व्हर नायट्रेट टाकून पांढरा चोथा झाला की "माल खराब निघाला" असे फोन येतात. तो चोथा सिल्व्हर क्लोराइडचा. क्लोराइड आमच्या पॉलिमरमध्येच आहे.

कण तपासताना नुसत्या आयसीपीवर (नमुना विरघळवून धातूंचं प्रमाण मोजणारी चाचणी) विसंबू नका. तिथे सगळ्या कणांची सरासरी कळते; सुटे सोन्याचे आणि सुटे पॅलेडियमचे कण असले तरी आकडा तोच येतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एकेका कणाचा ईडीएस नकाशा (कोणता धातू कुठे आहे ते क्ष-किरणांवरून दाखवणारा) काढून घ्या.

एक अडचण आधीच सांगतो: पॉलिमर कणावर चिकटून राहतं आणि उत्प्रेरकाची जागा अडवतं. धुऊन ते पूर्ण जात नाही, तापवून जातं, पण तापवलं की कण एकमेकांत मिसळून मोठे होतात. बोरोहायड्राइडमधून हायड्रोजन सुटतो, तेव्हा फ्यूम हूडमध्येच काम करा आणि बोरोहायड्राइडच्या द्रावणाच्या बाटलीचं बूच घट्ट लावू नका.