डबी थांबली की आधी डिस्क बघा
(रास्पबेरी पायवर सिंकथिंग वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, नाशिक)

हे पत्रक नव्या ग्राहकाला डबीसोबत मिळतं. जुन्यांना या वेळी मुद्दाम पाठवतोय, कारण गेल्या पावसाळ्यात एकच चूक इतक्या घरांत झाली की फोनवर तेच तेच सांगून आमचा घसा बसला.

डबीत काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक, त्यावर लिनक्स ही प्रणाली, यूएसबीला लावलेली डिस्क आणि सिंकथिंग, म्हणजे सगळ्या यंत्रांवरच्या फाइली एकसारख्या ठेवणारं सॉफ्टवेअर. फोन, लॅपटॉप आणि डबी एकमेकांशी थेट बोलतात, मधे कुणाच्या सर्व्हरवर तुमच्या फाइली साठत नाहीत. याचा फायदा तुम्ही घेताच. पण दुसरी बाजूही आहे: एका ठिकाणी पुसलं की ते सगळीकडे पुसलं जातं. ‘हा बॅकअप नाही’ असं आम्ही डबी देताना सांगतो, तेव्हा सगळे मान डोलावतात.

आता ती चूक.

वीज जाते, येते. डबी चालू होते, पण डिस्क उठत नाही. सिंकथिंगच्या पानावर फोल्डर लाल होतो, ‘स्टॉप्ड’ दिसतं आणि खाली ‘फोल्डर मार्कर मिसिंग’ असा संदेश येतो. घरातला कुणीतरी हुशार मुलगा तो संदेश इंटरनेटवर शोधतो. तिथे उत्तर मिळतं: फोल्डरमध्ये ‘डॉट एसटीफोल्डर’ नावाचा रिकामा फोल्डर बनवा, काम होईल. तो बनवतो. लाल रंग जातो, सगळं हिरवं होतं, घरात कौतुक होतं. आणि तासाभरात लॅपटॉपवरचे फोटो जायला लागतात.

असं का होतं ते एकदा समजून घेतलंत तर तुम्ही हे कधीच करणार नाही. डिस्क ज्या जागी जोडली जाते ती जागा म्हणजे मेमरी कार्डावरचा एक साधा रिकामा फोल्डर. डिस्क लागली की तिच्यातला मजकूर तिथे दिसतो, डिस्क निघाली की पुन्हा रिकामा फोल्डर उरतो. सिंकथिंगला डिस्क वगैरे कळत नाही, त्याला फक्त ती जागा दिसते. म्हणून त्याने एक खूण ठेवलेली असते, तोच हा मार्कर. मार्कर डिस्कवर असतो. मार्कर दिसला नाही तर ते समजतं की ही आपली जागा नव्हे, आणि हात बांधून गप्प बसतं. तुम्ही त्या रिकाम्या जागेवर हाताने मार्कर बनवलात की त्याला वाटतं जागा बरोबर आहे. मग ते आपल्या नोंदवहीत बघतं: काल इथे हजारो फाइली होत्या, आज एकही नाही. म्हणजे मालकाने पुसल्या! आणि ही बातमी ते इमानेइतबारे बाकी सगळ्या यंत्रांना कळवतं.

म्हणजे लाल झालेली डबी बिघडलेली नसते. ती तुमचा डेटा वाचवत असते. त्या संदेशातच पुढे संभाव्य डेटा लॉसचा इशारा इंग्रजीत लिहिलेला असतो, पण तो भाग कुणी वाचत नाही.

पंचवटीतल्या एका फोटो स्टुडिओत हे घडलं. (त्यांना विचारूनच सांगतोय.) लग्नसराईचं सगळं काम, दोन लॅपटॉप आणि एक फोन, संध्याकाळपर्यंत रिकामं. वाचले ते एवढ्यामुळेच की मूळ डिस्क टेबलावर धडधाकट पडून होती, तिला वीज पुरत नव्हती इतकंच. आम्ही रविवार घालवून सगळं परत बसवलं. त्यांनी भेटीचे पैसे दिले, वर मिसळही खाऊ घातली. पण रविवार गेला तो गेलाच, त्यांचाही आणि आमचाही.

मग डिस्क उठत का नाही? जिथे जिथे आम्ही गेलो तिथे बहुतेक वेळा एकच कारण निघालं: आमचा अडॅप्टर काढून फोनचा चार्जर लावलेला. ‘पिन तीच आहे ना?’ पिन तीच आहे, ताकद नाही. रास्पबेरी पाय 4 ला 5 व्होल्ट 3 अँपिअर लागतात, पाय 5 ला 5 अँपिअर. पाय 5 ला 3 अँपिअरचा पुरवठा दिला तर तो चालू होतो, पण यूएसबीच्या सगळ्या पोर्टांना मिळून फक्त 600 मिलिअँपिअर सोडतो. फिरणाऱ्या डिस्कला सुरू होताना त्याहून जास्त लागतात. म्हणजे डबीचा दिवा लागतो, पानही उघडतं, फक्त डिस्क मेलेली असते. अडॅप्टरवर आम्ही पिवळं लेबल लावतो आणि लोक आम्हाला हसतात. हसा, पण तो दुसऱ्या कशाला लावू नका.

तेव्हा ‘मार्कर मिसिंग’ दिसलं तर: डिस्कवर हात ठेवा. फिरतेय का? दिवा आहे का? अडॅप्टर पिवळ्या लेबलचाच आहे का? तो नीट लावून डबी बंद करून चालू करा. डिस्क आली की मार्कर तिच्यासोबतच येतो, तुम्हाला काहीही बनवावं लागत नाही. तरी लाल राहिलं तर तसंच राहू द्या आणि फोन करा. दोन दिवस लाल राहिलं म्हणून काही नुकसान नाही, फोटो फोनमध्ये आणि लॅपटॉपमध्ये आहेतच.

काही जण मार्कर बनवत नाहीत, फोल्डर काढून पुन्हा जोडतात. त्यात पुसापुशी होत नाही, वेगळीच गंमत होते: बाकी यंत्रांवरचा सगळा डेटा मेमरी कार्डावर यायला लागतो आणि कार्ड तुडुंब भरतं. नंतर डिस्क लावली की ती भरताड डिस्कच्या खाली झाकली जाते. दिसत नाही, पण जागा अडलेली. ‘कार्ड फुल का?’ असा प्रश्न घेऊन आलेल्या ग्राहकाला आम्ही आधी हेच विचारतो.

आणि चूक होऊनच गेली असेल तर? पहिलं काम: बाकी सगळी यंत्रं नेटपासून तोडा. फोन एअरप्लेन मोडवर, लॅपटॉपचं वाय-फाय बंद. जे अजून पुसलं गेलेलं नाही ते तिथेच थांबेल. मूळ डिस्क काढून कोरड्या जागी ठेवा, ती विंडोजला लावू नका. विंडोजला आमच्या डिस्कची मांडणी कळत नाही, तो ‘फॉरमॅट करू का’ विचारतो आणि घाबरलेला माणूस हो म्हणतो.

आम्हाला नेहमी विचारतात, डबीने मार्कर आपोआप का बनवू नये? अशी स्क्रिप्ट लिहायला पाच मिनिटं लागतात. पण कुलूप उघडत नाही म्हणून किल्ली दारातच लटकवून ठेवण्यातला तो प्रकार झाला. आम्ही ते करत नाही, करणारही नाही. उलट आता नव्या डब्यांमध्ये डिस्कची जागा आम्ही कुलूपबंद करूनच देतो: डिस्क नसेल तर तिथे कुणालाच काही लिहिता येत नाही, मार्करसुद्धा बनवता येत नाही. जुनी डबी असेल तर कॉलेज रोडच्या दुकानात घेऊन या, अर्ध्या तासात करून देतो, पैसे नाहीत.

दुसरी तक्रार जागेची. ‘दोन टीबीची डिस्क घेतली आणि एवढीच वापरायची?’ उरलेल्या जागेत बदललेल्या आणि पुसलेल्या फाइलींच्या जुन्या आवृत्त्या राहतात. फोनवरून चुकून पुसलेला फोटो डबीत काही काळ सापडतो तो यामुळेच. पण यातली मेख लक्षात ठेवा: ही सोय दुसऱ्या यंत्राकडून आलेल्या बदलांनाच लागू होते. डबीवर स्वतःहून पुसलेलं डबी ठेवत नाही. त्या स्टुडिओच्या बाबतीत पुसण्याची सुरुवात डबीपासून झाली, म्हणून डबीतल्या आवृत्त्यांचा काही उपयोग झाला नाही. लॅपटॉपवर ही सोय चालू असती तर वाचलं असतं. म्हणून आता आम्ही लॅपटॉपवरही ‘ट्रॅश कॅन’, म्हणजे पुसलेलं बाजूला राखून ठेवायची ही सोय, चालू करून देतो. तुमच्याकडे नसेल तर सांगा.

बाकीच्या तक्रारी आता पटापट घेतो.

डबी घरी सापडत नाही: फोन गेस्ट वाय-फायवर आहे का बघा. गेस्ट जाळ्यातली यंत्रं एकमेकांना दिसत नाहीत, ते त्याचं कामच आहे. नेटवाल्याचा एक राउटर आणि तुमचा दुसरा असेल तर फोन आणि डबी एकाच राउटरवर आणा. नवीन यंत्र जोडताना दोन्हीकडून होकार लागतो, एकीकडून जोडून वाट बघत बसू नका.

फोनवर आपोआप होत नाही: बॅटरी वाचवण्याच्या नादात फोन ते अ‍ॅप झोपवतो. सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपला बॅटरीच्या बंधनातून वगळा. अँड्रॉइडचं मूळ अधिकृत अ‍ॅप डिसेंबर 2024 मध्ये बंद झालं. अजून तेच वापरत असाल तर त्याच्या जागी सिंकथिंग-फोर्क हे अ‍ॅप टाकून देतो.

घरी जोरात, बाहेरून गोगलगाय: यंत्राच्या तपशिलात ‘रिले’ दिसतंय का बघा. थेट वाट मिळाली नाही की डेटा मधल्या रिलेवरून जातो. तो कुलूपबंदच जातो, रिलेवाल्याला काही वाचता येत नाही, पण वेग पडतो. राउटरच्या पानावर बाहेरचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) 100.64 ते 100.127 या पट्ट्यातला असेल तर एकच पत्ता तुम्हाला आणि तुमच्यासारख्या अनेकांना वाटून दिलेला आहे. मग राउटरमध्ये सिंकथिंगचं 22000 पोर्ट, म्हणजे आत यायचं दार, उघडून काही होत नाही. नेटवाल्याकडे आयपीव्ही6 (नव्या पद्धतीचा पत्ता) किंवा स्वतंत्र आयपी मागा. पिंपळगाव, दिंडोरीकडच्या बागायतदारांना हे जास्त भोगावं लागतं. त्यांना आमचा सल्ला असा: बागेतले फोटो आणि फवारणीच्या नोंदी रात्री घरच्या वाय-फायवर आल्यावरच जाऊ द्या. छाटणीपासून काढणीपर्यंतचं सगळं डबीत नीट साठतं.

95 टक्क्यांवर अडकलंय: बहुतेक वेळा फाइली सगळ्या आलेल्या असतात, फक्त पुसायचं काम राहिलेलं असतं. थांबा. 99 वर अडकलं असेल तर ‘फेल्ड आयटम्स’ उघडा. तिथे फाइलचं नाव मिळेल, आणि आपल्याकडे दोष पुष्कळदा त्या नावातच असतो. लिनक्समध्ये एका नावाला 255 बाइट्सची मर्यादा आहे आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट्स खातं. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार सगळे वेगळे मोजले जातात. ‘नाशिक’ लिहिलं की 15 बाइट्स गेले. म्हणजे साधारण 85 चिन्हांत नाव संपलं पाहिजे. विंडोजवर याच्या तिप्पट लांब मराठी नाव चालतं, म्हणून लॅपटॉपवर काहीच अडत नाही आणि डबी नको म्हणते. ‘चि. आणि चि. सौ. कां.’ पासून हळद, मांडव, कार्यालयाच्या पत्त्यापर्यंत सगळं फाइलच्या नावात लिहिणाऱ्यांनी ते फोल्डरांमध्ये वाटून टाकावं.

‘सिंक कॉन्फ्लिक्ट’ नावाच्या फाइली: एकच फाइल दोन ठिकाणी बदलली गेली. दोन्ही शाबूत आहेत, आधी बदललेलीला हे नाव मिळतं. उघडून बघा, नको ती पुसा. पण टॅलीसारख्या सॉफ्टवेअरचा चालू डेटा सिंकमध्ये ठेवू नका, हे करसल्लागार मंडळींना हात जोडून सांगणं आहे. उघड्या वहीची पानं दोघांनी एकाच वेळी उपटल्यासारखं होतं. त्याचा रोजचा बॅकअप सिंकमध्ये टाका, तो सुखाने फिरेल.

तारीख चुकीची दिसते: पाय 4 मध्ये घड्याळाची बॅटरी नसते. नेट नसताना चालू झाली की डबीला जुनीच वेळ वाटते. नेट येऊ द्या, स्वतःच सुधारते.

अपडेटनंतर तासभर पान उघडत नाही: सिंकथिंगच्या 2.0 आवृत्तीने, ऑगस्ट 2025 पासून, आपली नोंदवही नव्या साच्यात घेतली. जुनी डबी पहिल्यांदा अपडेट होते तेव्हा सगळ्या नोंदी उतरवून घ्याव्या लागतात, आणि एवढ्याशा यंत्राला त्याला वेळ लागतो. प्लग उपटू नका. चहा करा, वाटल्यास दुपारची झोपही काढा.

विजेचं काय ते राहिलं. डबी आणि राउटर दोन्हीला धरून ठेवणारा छोटा यूपीएस आमच्याकडे मिळतो. तो घेतलेल्या घरांतून ‘मार्कर मिसिंग’चा फोन अजून आलेला नाही, म्हणून आम्ही तो आग्रहाने विकतो, हे कबूल. ज्यांचा डेटा धंद्याचा आहे त्यांनी दुसरी डिस्क घ्यावी आणि महिन्यातून एकदा तिच्यावर प्रत काढून ती कपाटात ठेवावी, सिंकला न जोडता. ती आमच्याकडूनच घ्या असं नाही, मेन रोडवर घेतलीत तरी प्रत कशी काढायची ते आम्ही दाखवू.

घरी येऊन बघायचे 400 रुपये. मार्कर हाताने बनवून झाल्यावर बोलावलंत तर काम जितके तास चालेल तितक्या तासांचे. आधी फोन केलात तर बहुतेक वेळा पिवळ्या लेबलावरच भागतं, त्याचे काही घेत नाही. नंबर डबीच्या पोटाखाली चिकटवलेला आहे.