युद्धातली जीप ओळखणं

दुसऱ्या महायुद्धातली म्हणून विकायला आलेली जीप खरंच १९४१ ते १९४५ मधली आहे, की नंतरच्या महिंद्राला हिरवा रंग मारून उभी केलीय, हे तपासणं म्हणजे जीप ओळखणं. ठाण्यात घोडबंदर रोडला एखाद्या गॅरेजात अशी गाडी दिसली की लोक आधी बॉनेटवरचा पांढरा स्टार बघतात आणि तिथेच फसतात, कारण रंगाचं काय, दोन डबे आणले की झालं.

लांबून बघायच्या खुणा सोप्या आहेत. युद्धातल्या जीपचं स्टिअरिंग डावीकडे, पुढच्या जाळीला नऊ उभ्या फटी (विलीस या अमेरिकन कंपनीच्या अगदी सुरुवातीच्या जीपला पत्र्याच्या जाळीऐवजी पट्ट्या होत्या), मागे उघडणारा फाळका नाही, आणि पेट्रोल भरायला ड्रायव्हरची सीट उचलावी लागते. युद्धानंतरच्या सीजे, म्हणजे सिव्हिलियन जीप मॉडेलला सात फटी, मोठे हेडलाइट, मागे फाळका आणि पेट्रोलचं झाकण बाहेर. आपल्याकडे जास्त दिसते ती महिंद्राची उंच बॉनेटची सीजे-३बी, तिला युद्धातली म्हणणं म्हणजे कमालच आहे.

आता खरी गंमत. ही जीप विलीसने एमबी नावाने आणि फोर्डने जीपीडब्ल्यू नावाने, एकाच डिझाइनवर बनवली, मिळून सहा लाखांवर. दोन्ही सारख्याच दिसतात, फरक कळायला टॉर्च घेऊन बंपरखाली आडवं व्हावं लागतं. रेडिएटरखालची आडवी दांडी गोल पाइपची असेल तर चेसिस विलीसची, उलट्या पन्हाळीसारखी असेल तर फोर्डची. फोर्डने तर कितीतरी पार्टवर, बोल्टच्या डोक्यावरसुद्धा इंग्रजी एफ ठोकलाय, तो शोधायला लागलं की दुपार कशी जाते कळत नाही.

चेसिस नंबर फोर्डचा डाव्या रेलच्या (चेसिसच्या लांब दांडीच्या) वरच्या बाजूला थेट ठोकलेला असतो, विलीसचा बंपरमागे रेलच्या आतल्या बाजूला रिव्हेट मारलेल्या छोट्या पट्टीवर. खाडीच्या खाऱ्या हवेत ही जागा गंजते, म्हणून रॉकेल आणि वायर ब्रशने हळू साफ करायचं, मग कागद धरून पेन्सिल घासायची, आरटीओसाठी चेसिस प्रिंट काढतात तशीच. आकडे वरखाली असतील, आजूबाजूला ग्राइंडरचे ओरखडे असतील तर सावध. पट्टी मात्र कोरी नवीही बनवून मिळते, त्यामुळे चकचकीत पट्टी हा पुरावा नाही.

इंजिन नंबर जुळला नाही म्हणून लगेच खोटी म्हणू नये, युद्धातच दुरुस्तीत इंजिनं अदलाबदल व्हायची, विलीसच्या चेसिसवर फोर्डचं इंजिन अगदी नॉर्मल. पण २२०० सीसीच्या पेट्रोल इंजिनाच्या जागी खर्च वाचवायला डिझेल बसवलेलं असेल तर प्रश्न वेगळा, कारण २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार विंटेज नोंदणीला गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी हवीच, शिवाय चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल चालत नाही. नवीन नोंदणी फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. म्हणजे १९६५ ची न छेडलेली महिंद्राही विंटेज होऊ शकते, तिला उगाच युद्धावर पाठवायची गरज नाही. अशी नोंदणी झालेली गाडी प्रदर्शनाला, रॅलीला न्यायची, रोज कोणाला ठाणे स्टेशनला सोडायला नाही.