आमच्या रूट शीटवर डोंगरांची उंची का बदलली?

नमस्कार,

आमच्यासोबत इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमधले डोंगर चढणाऱ्या मराठी मंडळींकडून एक प्रश्न वारंवार येतो. घरातल्या जुन्या नकाशावर माथ्याची उंची एक, आमच्या रूट शीटवर दुसरी. कधी तर यादीतला डोंगर पुढच्या आवृत्तीत यादीतून गेलेला. चूक कोणाची? बहुतेक वेळा कोणाचीच नाही. डोंगर पुन्हा मोजलेला असतो. ते कसं होतं आणि आम्ही कोणता आकडा धरतो, हे या पत्रकात सांगतो.

आधी याद्यांबद्दल. सह्याद्रीत आपण किल्ले मोजतो. साल्हेर झाला, आता अलंग-मदन-कुलंग राहिले, असा आपला हिशेब. इथला हिशेब उंचीचा आहे. स्कॉटलंडमधली 3000 फुटांवरची (914.4 मीटर) स्वतंत्र शिखरं म्हणजे मन्रो. सर ह्यू मन्रो यांनी 1891 मध्ये केलेल्या यादीवरून हे नाव पडलं. इंग्लंड-वेल्समध्ये 2000 फूट, म्हणजे 609.6 मीटर ओलांडले की टेकडीचा 'माउंटन' होतो, अशी जुनी रूढी. ही फक्त रूढी आहे. तिथल्या 2000 सालच्या, मोकळ्या रानात फिरण्याचा हक्क देणाऱ्या कायद्यात रेषा 600 मीटरची आहे.

तिसरा प्रकार आम्हाला सगळ्यात जवळचा वाटतो, मॅरिलिन. इथे समुद्रसपाटीपासूनची उंची बघत नाहीत. शेजारच्या उंच डोंगराकडे जाताना जी खिंड लागते, तिथून माथा किती वर उठतो ते बघतात. हा उठाव किमान 150 मीटर हवा. त्यामुळे समुद्राकाठची छोटी टेकडीही यादीत बसते आणि मोठ्या रांगेतलं एखादं भक्कम शिखर बाहेर राहतं. पण मग माथ्याइतकीच खिंडही नेमकी मोजावी लागते, आणि जुन्या नकाशांवर खिंडीत बहुधा आकडाच नसायचा. दोन समोच्च रेषांच्या मधे अंदाज बांधायचा, एवढंच हाती होतं.

लेझरने नेमकं काय केलं

विमानातून जमिनीवर लेझरचे लाखो ठोके सोडतात. प्रत्येक ठोका परत यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर निघतं. एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाची चूक झाली, तर अंतर 15 सेंटीमीटरने चुकतं. यावरून घड्याळ किती बारीक लागतं ते कळेल. विमान त्या क्षणी कुठे होतं आणि किती कललं होतं, याचीही नोंद होत असते. झाडीवर पडलेल्या ठोक्याचा काही भाग पानांवरून परततो, काही फटींतून जमिनीपर्यंत जातो. शेवटचे परतावे वेगळे काढले की झाडीखालच्या जमिनीचा उठाव दिसतो. या पद्धतीला लायडर म्हणतात.

इंग्लंडमध्ये ही मोजणी मुळात पुराच्या कामासाठी सुरू झाली. पाणी कुठून कुठे वाहील हे ठरवायला जमिनीचे बारीक चढउतार लागतात. पर्यावरण खात्याच्या संस्थेने ही माहिती 2015 मध्ये सर्वांसाठी मोफत खुली केली, आणि डोंगरांच्या याद्या सांभाळणाऱ्या हौशी लोकांच्या हाती खजिनाच लागला. ज्या खिंडीत कधी कोणी उपकरण घेऊन गेलं नव्हतं, तिची उंची आता घरबसल्या काढता येते. काही ठिकाणी खरा माथा सर्वेक्षणाच्या खांबाजवळ नसून थोडा पलीकडे, कुंपणाच्या दुसऱ्या बाजूला निघाला. म्हणूनच काही रूट शीटवर आम्ही शेवटची थोडी पावलं बदलली आहेत.

लेझर कुठे कमी पडतो

हे आम्ही मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण 'लेझर' म्हटलं की तो शेवटचा शब्द वाटतो. इंग्लंडच्या या माहितीत जमिनीचे दर मीटरला एक याप्रमाणे आकडे आहेत आणि उंचीत साधारण 15 सेंटीमीटर इकडेतिकडे होऊ शकतं. गवताळ, गोल माथ्याला हे पुरतं. पण टोकदार कातळ दोन आकड्यांच्या मधे सापडला, तर त्याचं टोक निसटतं आणि डोंगर उगाच बुटका ठरतो. उलट, माणसांनी रचलेली दगडांची रास किंवा भिंत मोजणीत आली, तर तो उंच ठरतो.

म्हणून सीमारेषेवरच्या डोंगराचा निकाल अजूनही माथ्यावर चढूनच लागतो. उपग्रहांचे संदेश घेणारं अचूक यंत्र तिथे दीर्घकाळ मांडून बसावं लागतं. वेल्समधल्या मिनिद ग्रायग गोखवर नकाशात 609 मीटर होते. 2008 च्या अशा मोजणीत 609.75 निघाले आणि तो 'माउंटन' झाला. स्कॉटलंडमध्ये उलटं घडलं. 2009 मध्ये स्गूर नान क्यानिखेन आणि 2012 मध्ये बेन अ ख्लायव मन्रोंच्या यादीतून गेले. दुसऱ्याची उंची 913.96 मीटर भरली, म्हणजे अर्ध्या मीटरहूनही कमी पडली. आज मन्रो 282 आहेत ते यामुळे.

कंब्रियातल्या काफ टॉपची गोष्ट आम्ही प्रत्येक सहलीत सांगतो. 2010 च्या मोजणीत तो 609.58 मीटर, म्हणजे दोन सेंटीमीटरने कमी होता. 2016 मध्ये तो 609.606 झाला आणि सहा मिलिमीटरने रेषा ओलांडून गेला. मधल्या काळात डोंगर वाढला नव्हता, कोणी पुन्हा वर जाऊन मोजलाही नव्हता. ब्रिटनची समुद्रसपाटी कॉर्नवॉलमधल्या न्यूलिन बंदरातल्या 1915 ते 1921 च्या नोंदींवरून ठरली आहे. उपग्रहाने दिलेली उंची त्या सपाटीशी जोडणारं गणित 2016 मध्ये सुधारलं, आणि तोच जुना आकडा नव्या गणितात थोडा वर गेला.

तुमच्या फोनमध्येही हाच फरक डोकावतो. काही ॲप ही दुरुस्ती न करता उपग्रहाचा कच्चा आकडा दाखवतात. ब्रिटनमध्ये तो साधारण 50 मीटर जास्त येतो, तर सुट्टीत कळसूबाईला गेलात तर 60 मीटरहून अधिक कमी. 1646 च्या जागी 1580 च्या आसपास दिसलं, तर घाबरू नका.

आम्ही काय करतो

माथ्यावर यंत्राने मोजणी झाली असेल तर तोच आकडा छापतो. नसेल तर लायडरचा, आणि त्यापुढे 'ला' हे अक्षर. दोन्ही नसतील तर नकाशाचा पूर्ण आकडा. तिथे दशांश दाखवणं आम्हाला खोटं वाटतं. पूर्ण आकड्यांतही गंमत असते: बेन नेव्हिस 1344 चा 1345 झाला, कारण 2016 मध्ये मोजणी 1344.53 आली आणि आकडा वर धरला गेला.

तुमच्या नोंदवहीत आम्ही मारलेला शिक्का डोंगर यादीतून गेला तरी तसाच राहतो. त्याखाली चढाईच्या दिवशीचा वर्ग लिहिलेला असतो. नव्याने यादीत आलेला डोंगर तुम्ही आमच्यासोबत आधीच चढला असाल, तर नोंदवही घेऊन या, शिक्का मारून देऊ. फक्त एक अट आहे. खरा माथा जुन्या जागेपासून बराच दूर निघाला असेल, तर तिथवर पुन्हा चालावं लागेल. त्या फेरीचे पैसे आम्ही घेत नाही.