चॅट उडवू नका, फोन जसा आहे तसा आणा

ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले असतील तर आमच्याकडे, म्हणजे फोन-कॉम्प्युटरमधला पुरावा तपासणाऱ्यांकडे, येण्याआधी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन लावा. रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधी रोखली गेली तर ठीक, नंतर अवघड.

आमचं काम त्यानंतरचं, आणि तिथेच घोटाळा होतो. लाजेपोटी लोक चॅट डिलीट करतात. काही जण तर फोन रीसेट करून आणतात आणि म्हणतात, "आता काढून द्या ना जी सगळं परत." आजकालच्या फोनमधला डेटा एन्क्रिप्टेड, म्हणजे सांकेतिक रूपात कुलूपबंद असतो. रीसेट केलं की त्याची किल्लीच पुसली जाते. अशा फोनचे आम्ही पैसे घेत नाही, कारण हाती काही लागत नाही.

"बँकेचं स्टेटमेंट आहे, मग चॅट कशाला?" हे तर रोजचंच. पैसा कुठे गेला ते स्टेटमेंट सांगतं. समोर कोण बसलंय, ते चॅटमधून कळतं. 'डिजिटल अरेस्ट'मध्ये, म्हणजे फोनवरच 'तुम्हाला अटक झाली' म्हणून पैसे उकळतात त्यात (कायद्यात अशी अटकच नाही), आधी कुरिअरवाला बोलतो, मग 'अधिकारी'. दोघंही एकच शब्द सारखाच चुकीचा लिहीत असतील, तर माणूस एक किंवा पाठ केलेला मजकूर एक. धमकी कधी दिली, गोड कधी बोलला, "घरी सांगू नका" कितव्या मेसेजला आलं, यावरून त्याची पद्धत उलगडते. ऑफिसच्या डेटाचोरीतही तेच. लॉगिन होताच थेट पगाराची फाइल उघडणारा बहुधा ऑफिसातलाच असतो. परका आधी चाचपडतो.

हे सगळं अंदाजपंचे, असं काही वकीलसाहेब म्हणतात. मान्य, स्वभावाचा आराखडा कोर्टात पुरावा म्हणून आम्ही देतच नाही. शोध कुठे घ्यायचा, एवढंच त्यावरून ठरवतो. पुरावा म्हणजे मूळ डेटाची तंतोतंत प्रत, तिची हॅश व्हॅल्यू (डेटाचा डिजिटल ठसा, डेटा बदलला की तोही बदलतो) आणि भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र. प्रमाणपत्राचा एक भाग पक्षकाराने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. तपासणी आम्ही प्रतीवरच करतो, म्हणून "तासाभरात द्या" म्हटलं तर जमत नाही.

फोन आमच्याकडे येईपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपमधून लॉगआउट होऊ नका, फसवणाऱ्याला शिव्या घालू नका. तो सावध होऊन स्वतःचे मेसेज पुसू शकतो. मेसेज आपोआप गायब होत असतील तर दुसऱ्या फोनने स्क्रीनचे फोटो काढा. येताना चार्जर आणा, पिन आठवत असू द्या. चॅटमध्ये खासगी काही असलं तरी संकोच नको, आमच्याकडे तपासणाऱ्याशिवाय ते कोणी पाहत नाही. फोन कामाचा आहे की नाही, हे पाहून सांगायचे पैसे लागत नाहीत.