पॅड प्राइम झाला की नुसता भिजला? फरक कसा ओळखायचा

गाडीचा पेंट पॉलिश करायचा म्हणून नवीन फोम पॅड पॉलिशिंग मशीनला लावायचा, त्यावर चार थेंब पॉलिश टाकायचं आणि थेट बॉनेटवर मशीन फिरवायला घ्यायची, असंच बहुतेक जण सुरू करतात. मग कुणीतरी सांगतं की अरे पॅड आधी प्राइम करायचा असतो, म्हणजे पूर्ण तोंडावर पॉलिशचा पातळ थर द्यायचा असतो, की पुढच्या वेळी तोच माणूस पॅडवर बाटली उपडी करतो आणि म्हणतो, झाला प्राइम. पण तो प्राइम नाही झाला, तो भिजला. लांबून बघितलं तर दोन्ही पॅड सारखेच दिसतात, तोंडावर पॉलिश माखलेलं, त्यामुळे गोंधळ होणारच, पण गाडीवर फिरवले की पहिल्या पाच मिनिटांत कळतं कुठला कसा आहे ते.

आधी प्राइमचं बघू. पॉलिश किंवा कंपाउंडमध्ये (म्हणजे जास्त जोरात घासणारं पॉलिश) घासण्याचं काम करतात ते त्यातले बारीक अब्रेसिव्ह कण. फोम त्या कणांना धरून ठेवतो आणि गाडीच्या क्लिअर कोटवरून, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावरून, फिरवतो. आता साडेपाच इंची कोऱ्या पॅडवर चार थेंब टाकले तर कण फक्त त्या चार जागी आहेत, बाकी सगळा फोम कोरडाच घासत राहतो. पॉलिश हळूहळू पसरतं, नाही असं नाही, पण पसरेपर्यंत पहिला सेक्शन, म्हणजे एका वेळी करायला घेतलेला तुकडा, अर्धवट झालेला असतो, घर्षण जास्त म्हणून उष्णता जास्त, आणि पेंट मऊ असेल तर कोरड्या फोमचे स्वतःचेच धूसर ओरखडे उमटतात जे आपण काढायला निघालो होतो. कधी बघितलं असेल की पहिल्या सेक्शनवर स्वर्ल (गोल गोल बारीक ओरखडे) राहिले आणि तिसऱ्यावर तेच पॉलिश, तेच मशीन, तेवढाच वेळ, तरी सगळं साफ. त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं, तिसऱ्या सेक्शनपर्यंत पॅड आपोआप प्राइम झालेला असतो.

म्हणून सुरुवातीलाच हातात ग्लोव्ह घालून पॅडच्या पूर्ण तोंडावर पॉलिश बोटाने चोळून घ्यायचं, मधून कडेपर्यंत, कडा विसरायची नाही कारण बंपरच्या वळणावर कडाच टेकते. फोमची वर दिसणारी छिद्रं असतात ना, त्यांच्या कडांना पातळ थर बसला पाहिजे, बास. छिद्रं बुजवायची नाहीत. चोळून झाल्यावर जास्तीचं पॉलिश बोटावरच निघून येतं, ते पुन्हा पॅडवर पुसत बसू नका.

आता भिजलेला पॅड. इथे पॉलिश तोंडावर न थांबता फोमच्या आत उतरलंय. आत गेलेलं पॉलिश कामाचं नाही, कारण घासणी होते ती फक्त जिथे फोम आणि पेंट टेकतात तिथे. वर फोम आणि पेंटच्या मधे पॉलिशचा इतका जाड थर झालेला असतो की कण पेंटला नीट दाबलेच जात नाहीत, नुसते त्यावर तरंगतात. म्हणजे जास्त पॉलिश टाकलं तर जास्त कट (घासून काढण्याची ताकद) मिळेल असं जे वाटतं ते उलटं होतं, कट कमी होतो. शिवाय आरशावर, काचेवर, रबरावर सगळीकडे शिंतोडे उडतात, पुसताना मायक्रोफायबर कापड चिकटून चिकटून चालतं, आणि फोम जड नि लिबलिबीत होतो. ड्युअल अ‍ॅक्शन मशीनवर (पॅड थरथरतो आणि गोलही फिरतो ते) तर हे फार जाणवतं कारण त्यातल्या बहुतेकांत पॅडचं गोल फिरणं सक्तीचं नसतं, जड झालेला पॅड किंवा जास्त दाब पडला की फिरणं थांबतं आणि पॅड नुसता जागच्या जागी थरथरतो. बॅकिंग प्लेटवर, म्हणजे पॅड चिकटतो त्या चकतीवर, मार्करने एक रेघ मारून ठेवा, रेघ फिरताना दिसत नसेल तर काम होत नाहीये.

ओळखायची माझी खूण अगदी साधी आहे. पॅडच्या मधोमध अंगठा दाबायचा. प्राइम झालेल्या पॅडवर अंगठ्याला हलकीशी ओल लागते, फोम लगेच उसळून वर येतो. भिजलेल्या पॅडमधून दाबल्या जागी पॉलिश वर पाझरतं आणि खड्डा भरायला वेळ लागतो.

बरं, यात एक गोष्ट लोक धरतच नाहीत. भिजणं काही फक्त सुरुवातीलाच होतं असं नाही. सुरुवातीला अगदी छान प्राइम केलेला पॅडसुद्धा तासाभरात भिजतो, कारण आपण दर सेक्शनला, म्हणजे साधारण दोन फूट बाय दोन फूट, तीन-चार थेंब घालत जातो आणि जुनं काहीच काढत नाही. जुन्यात नुसतं वापरलेलं पॉलिश नसतं, पेंटवरून निघालेला क्लिअर कोटचा भुगा पण असतो, दोन्ही मिळून छिद्रांत चिकट थर बसतो. मी एका काळ्या गाडीची दोन्ही दारं अशीच केली होती, पॅड साफ न करता, नुसते थेंब वाढवत. दुसऱ्या दारावर टॉर्च मारला तर बारीक धूसरपणा सगळीकडे, आणि मी तेव्हा दोष पॉलिशला दिला. पॅड बदलला, बाकी काही नाही बदललं, आणि दार स्वच्छ निघालं. एक आख्खी दुपार गेली, पण तेव्हापासून दर सेक्शननंतर पॅड साफ केल्याशिवाय मी पुढे जात नाही.

ही मधली सफाई म्हणजे धुणं नव्हे. मशीन हळू स्पीडवर चालू ठेवून नायलॉनचा मऊ ब्रश तोंडावर धरायचा, किंवा स्वच्छ टॉवेल दाबून धरायचा, कंप्रेसर असेल तर हवा मारायची, ती सगळ्यात चांगली कारण ती आतला भुगा पण काढते. यानंतर पुन्हा पूर्ण प्राइम करायची गरज नाही, छिद्रांच्या कडांना थर शिल्लक असतो, दोन-तीन छोटे थेंब पुरतात. हां, पॉलिशमधले कण घासता घासता बारीक होत जाणारे असतील तर मात्र जुने संपलेले कण नव्यांत मिसळतात, तिथे सफाई जास्त मन लावून करावी लागते. आणि कितीही साफ केला तरी फोम तापतोच, मधोमध सगळ्यात जास्त, म्हणून एकाच पॅडवर पूर्ण गाडी काढू नका, चार-पाच पॅड आलटून पालटून वापरा. तापलेल्या भिजक्या पॅडचा फोम वेल्क्रोपासून सुटायला लागतो, एकदा सुटला की तो पॅड गेला.

पाणी किंवा डिटेलर स्प्रे (गाडी पुसून चमकवायचा पातळ स्प्रे) मारून पॅड ओला करणं ही आणखी तिसरीच गोष्ट आहे, त्यालाही लोक प्राइमच म्हणतात. त्याने फोम मऊ पडतो खरा, पण कण काही येत नाहीत, उलट पॉलिश पातळ होतं. बाटलीवर तसं लिहिलं असेल तरच करा.

धुण्याचं म्हणाल तर काम संपल्या संपल्या धुवा, वाळलेलं कंपाउंड नंतर निघता निघत नाही. लगेच जमणार नसेल तर पॅड निदान पाण्यात टाकून ठेवा. कोमट पाणी, पॅड क्लीनर किंवा सौम्य साबण, आणि दाबून दाबून पाणी काढायचं, पिळायचं नाही, पिळलं की चिकटवलेला जोड ताणतो. गरम पाणी नको, ड्रायरही नको. वाळत ठेवताना फोम खाली आणि वेल्क्रो वर, म्हणजे पाणी जोडाकडे न साचता खाली उतरतं, आणि हवा खेळती ठेवा. आतून पूर्ण वाळल्याशिवाय पुन्हा लावू नका, वरून कोरडा वाटणारा पॅड आतून ओला असतो आणि तुम्ही कितीही नीट प्राइम केलात तरी ती ओल वर येऊन पॉलिश पातळ करते. वाळला की झिप बॅगमध्ये, कुठल्या पॉलिशचा ते मागे लिहून, कारण कंपाउंडच्या पॅडवर फिनिशिंग पॉलिश (शेवटच्या हाताचं बारीक पॉलिश) प्राइम केलं तर धुऊनही राहिलेला एखादा जाड कण शेवटच्या हाताला ओरखडा देऊन जातो.